आधी सांगा, शेल कोणता?

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची, तेव्हा सांगलीत कुणाकुणाचं काय काय गेलं हे वेगळं सांगायला नको. मी ज्या छापखान्यात डीटीपीचं काम करते तिथे कागदाची रिमं भिजली आणि तळमजल्यावरचे कॉम्प्युटर बुडाले. हार्ड डिस्कमधला बराचसा डेटा नंतर काढता आला, पण आला तो एका ढिगात. लग्नपत्रिका, वर्गणीची पावती पुस्तकं, गणपतीची हँडबिलं, दुकानांची बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं एकत्र. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आमचे मालक अण्णा म्हणाले, आता फायली खाली ठेवायच्याच नाहीत. वरच्या मजल्यावर एक जुनं मशीन बसलं, अण्णांच्या पुतण्यानं त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून दिली, आणि तो ढीग वर्षावार, महिनावार लावायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या धंद्यात जुनी फाइल सापडणं फार मोलाचं असतं. गिऱ्हाईक चार-पाच वर्षांनी येतं आणि म्हणतं, "ताई, थोरलीच्या लग्नाला केलेली पत्रिका आहे ना, तेच मॅटर ठेवा, फक्त नावं नि तारीख बदला." फाइल हाताशी असली तर चहा होईपर्यंत प्रूफ निघतं, नसली तर सगळं नव्यानं टाइप करा. इतक्या फायली माउसनं ओढत बसणं शक्यच नव्हतं. पुतण्या विश्रामबागेत वालचंद कॉलेजला शिकतो. तो म्हणाला, "ताई, शेल शिका. चार ओळींत होऊन जाईल." खरोखर चार-पाच ओळींचंच काम होतं. पण त्या ओळी नीट चालेपर्यंत जो जीव मेटाकुटीला आला त्याचं मूळ एका साध्या गोष्टीत होतं, आणि ती गोष्ट नवशिक्याला कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शेल एक नाही. समोर जी काळी खिडकी दिसते ते टर्मिनल. त्या खिडकीच्या आत बसून आपली ओळ वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि मग काम करून घेणारा जो प्रोग्रॅम, तो शेल. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर घडलं त्या जुन्या प्रणालीत, तो गाभ्याचा भाग नाही, इतर प्रोग्रॅमसारखाच एक आहे. एक पसंत नसेल तर दुसरा लावा. त्यामुळे ज्याला जे खटकलं त्यानं आपला नवा शेल लिहिला. बेल लॅब्जमधल्या स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्याच सुमाराला बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. डेव्हिड कॉर्न यांचा कॉर्न शेल १९८३ चा, मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ चा, पॉल फॉलस्टॅड यांचा झेडशेल १९९० चा, आणि फिश २००५ चा. छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर यंत्र तेच, शाई तीच, पण मॅटर जुळवणारा कंपोझिटर दर ठिकाणी निराळा आणि प्रत्येकाच्या खुणाही निराळ्या. नवशिक्याला मात्र फक्त खिडकी दिसते, आणि ती सगळीकडे सारखीच दिसते.

माझ्यापुढे शिकायला तीन गोष्टी होत्या. पुतण्याच्या वहीतल्या नोट्स बॅशच्या. कुठल्याशा विद्यापीठाची एक जुनी पीडीएफ होती, ती सी शेलची. आणि ज्या व्हिडिओंवरून मी सर्वांत जास्त शिकत होते ते मॅकवर केलेले, म्हणजे झेडशेलचे, कारण ॲपलनं २०१९ मध्ये कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडशेल देऊ केला आहे. तिन्हींत सुरुवातीला शेलचं नाव नव्हतं. आता साधं एका नावाला (त्याला व्हेरिएबल म्हणतात) किंमत द्यायचं उदाहरण घ्या. बॅशमध्ये = या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना अजिबात जागा सोडायची नाही. सोडली की तो पहिल्या शब्दालाच कमांड समजतो आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो. सी शेलमध्ये आधी 'सेट' लिहायचं, आणि तिथे = च्या दोन्ही बाजूंना जागा चालते. फिशमध्येही 'सेट' आहे, पण = मुळीच नाही. हे तिन्ही नियम आपापल्या घरी बरोबर आहेत. एकत्र वाचणाऱ्याला वाटतं की या विषयाला नियमच नाही.

पुतण्याला फोन केला की तो विचारायचा, "ताई, तुम्ही कुठल्या शेलमध्ये आहात?"

"टर्मिनलमध्ये आहे की."

"तसं नव्हे हो, आत कुठला चालू आहे?"

हे ओळखायचं कसं, इथेच पहिली अडचण. बहुतेक ठिकाणी सांगतात की डॉलर-शेल हा व्हेरिएबल छापून बघा. तो आपल्या खात्याला नेमून दिलेला शेल सांगतो, या क्षणी चालू असलेला नाही. बॅशमधून फिश उघडून फिशमध्ये विचारलं तरी उत्तर बॅशच येतं. मला सर्वांत सरळ वाटली ती 'पीएस' ही दोन अक्षरांची कमांड, पुढे काही न लिहिता. त्या टर्मिनलमध्ये जे चालू आहे त्याची छोटी यादी येते आणि तिच्यात शेलचं नाव असतं. कुठल्याही शेलमधून चालते. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच धड्यात ही द्यावी.

आता मुख्य दुखणं. आमच्या फायलींची नावं अशी: 'पाटील लग्न फायनल', 'पाटील लग्न फायनल (२)', 'हळद व्यापारी बिलबुक नवीन'. मध्ये मोकळी जागा, कुठे कंस, अर्धी नावं देवनागरीत, अर्धी रोमनमध्ये. विंडोजवर यात काही वावगं नव्हतं. व्हिडिओत पाहून मी ओळ लिहिली: या फोल्डरमधली प्रत्येक फाइल घे, तिला 'फ' म्हण, आणि 'एमव्ही' या फाइल हलवायच्या कमांडनं त्या 'फ'ला २०१८ च्या फोल्डरमध्ये हलव. व्हिडिओतल्या बाईंच्या मॅकवर ती बिनबोभाट चालली. माझ्याकडे एका फाइलमागे तीन तक्रारी आल्या: 'पाटील' सापडत नाही, 'लग्न' सापडत नाही, 'फायनल' सापडत नाही.

ओळ अक्षर न् अक्षर तीच होती. फरक वाचणाऱ्यात होता. बॅशमध्ये डॉलर लावून व्हेरिएबल वापरला आणि त्याभोवती अवतरणचिन्हं नसली, तर आतली किंमत बाहेर काढल्यावर बॅश ती मोकळ्या जागेवर पुन्हा तोडतो. बोर्न यांच्या शेलपासून चालत आलेली ही रीत आहे आणि पुढे पॉझिक्स या मानकातही तीच राहिली. झेडशेल मुद्दाम सांगितल्याशिवाय असं तोडत नाही. फिशही तोडत नाही. म्हणजे झेडशेलवर शिकणाऱ्याला अवतरणचिन्हांची सवयच लागत नाही, आणि तो बॅशवर आला की अडतो. माझं स्पष्ट मत आहे की या बाबतीत झेडशेल आणि फिश बरोबर आहेत आणि बॅशचं वागणं आजच्या काळाला धरून नाही. फाइलचं नाव एक आहे तर ते एकच राहायला हवं. बॅशच्या तोडण्यात धोकाही आहे. त्याच फोल्डरमध्ये नुसती 'पाटील' नावाची दुसरी फाइल असती तर ती मुकाट्यानं हलली असती.

कंसाची गोष्ट तर मला आजही नवलाची वाटते. 'लग्न (२)' हे नाव अवतरणाशिवाय टाइप केलं तर बॅश म्हणतो की वाक्यरचना चुकली, इथे कंस अपेक्षित नव्हता. झेडशेल कंसाला शोधनमुन्याचा भाग समजतो आणि तिथेच अडतो. फिशमध्ये कंस म्हणजे 'आतली कमांड आधी चालव', त्यामुळे तो २ नावाची कमांड शोधायला जातो. एकाच कंसाचे तीन अर्थ. कुठलाही संदेश 'बाई, नावाला अवतरण लाव' असं म्हणत नाही. हे मी तिन्ही शेल शेजारी शेजारी उघडून पाहिलं तेव्हा मनातली एक गाठ सुटली. त्रुटीचा संदेश त्या शेलनं ओळ कशी वाचली हे सांगतो, आपल्याला काय करायचं होतं ते नाही. तसा तो वाचायला लागले आणि संदेशांचा राग येईनासा झाला.

चांदणीचंही, म्हणजे 'इथे काहीही चालेल' सांगणाऱ्या * या चिन्हाचंही, असंच. 'चांदणी-टिंब-सीडीआर' म्हणजे कोरलड्रॉच्या सगळ्या फायली. आमच्या जुन्या फायलींचं हे शेपूट मोठ्या लिपीत, नव्यांचं छोट्या लिपीत, आणि लिनक्सला हे दोन्ही वेगळे. एखाद्या फोल्डरमध्ये एकही जुळली नाही तर झेडशेल तिथेच थांबतो, काही जुळत नाही म्हणतो. बॅश ती चांदणी जशीच्या तशी पुढे ढकलतो, आणि मग 'एमव्ही' खऱ्याखुऱ्या चांदणी नावाच्या फाइलचा शोध घेत बसतो. बॅशमध्ये हे वागणं बदलायचे पर्याय आहेत, न जुळल्यास काहीच न देणारा आणि लहान-मोठी लिपी न पाहणारा. पण ते आधी माहीत असावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ महिन्यांनी खाल्ला. प्रत्येक फाइलची तारीख वाचायची, तिच्यातून महिन्याचा आकडा घ्यायचा आणि 'जानेवारी', 'फेब्रुवारी' अशा नावाच्या फोल्डरमध्ये ती टाकायची. त्यासाठी बारा महिन्यांची यादी केली. झेडशेलमध्ये यादीची मोजणी एकपासून होते, बॅशमध्ये शून्यापासून. व्हिडिओत १ म्हटल्यावर जानेवारी येत होता, माझ्याकडे फेब्रुवारी. शून्याच्या जागी एक रिकामं नाव ठेवून ते जमवलं. मग सगळं सुरळीत चाललं, आणि नेमकं ऑगस्ट-सप्टेंबरला अडलं. जुलैपर्यंत ठीक, ऑक्टोबरपासून पुन्हा ठीक, मधले दोनच महिने बंद. म्हणजे गणपतीचा हंगाम, आमच्या सर्वांत जास्त फायली ज्यात आहेत तो.

कारण पार खोलात निघालं. तारीख महिना देते तो ०८, ०९ असा. बॅशमध्ये आकड्याच्या आधी शून्य असला की तो आकडा अष्टमान पद्धतीतला धरतात. ही सी भाषेतली जुनी रूढी. अष्टमानात ० ते ७ एवढेच अंक, ८ आणि ९ नाहीतच. म्हणून ०१ ते ०७ पर्यंत काही कळत नाही, ०८ ला तो म्हणतो की या पायासाठी हा अंक मोठा आहे, आणि १० ला शून्य पुढे नसल्यानं गाडी परत रुळावर. झेडशेल ०८ ला साधा आठ समजतो. बॅशमध्ये आकड्यापुढे १० आणि # लावून 'हा दशमान आहे' असं सांगावं लागतं. हे कळल्यावर ती दुरुस्ती करायला मिनिटही लागलं नाही. पण जी बाई ऑगस्टमध्ये शिकायला बसलेली नाही आणि जिच्या सरावाच्या फायली फेब्रुवारीच्या आहेत, तिला हे कधी दिसणारच नाही, आणि पुढे केव्हातरी भर हंगामात समोर येईल. असल्या गोष्टी शिकवताना मुद्दाम दाखवायला हव्यात.

या सगळ्या ओळी एका फाइलमध्ये लिहून स्क्रिप्ट केली. नोट्समध्ये होतं की 'एसएच' लिहून पुढे स्क्रिप्टचं नाव द्या. दिलं, तर अट तपासायला मी लिहिलेले दुहेरी चौकोनी कंस नावाची कमांड सापडत नाही म्हणे. आता हे 'एसएच' म्हणजे कोण? उबुंटूनं २००६ मध्ये ६.१० आवृत्तीत या नावामागे बॅशऐवजी डॅश नावाचा शेल बसवला, तो लहान आहे आणि मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. डॅशला दुहेरी चौकोनी कंस माहीत नाहीत आणि याद्याही नाहीत. पहिल्या ओळीत # आणि ! लिहून पुढे बॅशचा पत्ता दिलेला असला तरी 'एसएच' म्हणून चालवलं की ती ओळ नुसती टीप ठरते. आणि मॅकवर 'एसएच' म्हणजे बॅशचंच एक रूप, त्यामुळे तिकडे हीच स्क्रिप्ट चालते. तिकडच्या बॅशची आवृत्ती मात्र ३.२ वरच थांबलेली आहे, पुढच्या आवृत्त्यांचा परवाना ॲपलला नको होता म्हणून. म्हणजे बॅश हे नाव सारखं असलं तरी दोन्हीकडचा बॅश एक नाही. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी देऊन तिचं नाव थेट घ्यावं, म्हणजे पहिली ओळ पाळली जाते, हे मग पक्कं केलं. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टचं प्रकरण निराळं. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं चिन्ह ठेवतं, ते बॅशच्या पत्त्याला चिकटतं आणि पत्ता सापडत नाही म्हणून बोंब होते. 'डॉस-टू-युनिक्स' या छोट्या प्रोग्रॅमनं ते जातं.

सी शेलवर मी फार वेळ घालवला नाही. पीडीएफमधलं करून पाहिलं, पण त्रुटींचे संदेश वेगळ्या फाइलमध्ये आणि उत्तर वेगळ्या फाइलमध्ये एवढी साधी वाटणी त्यात सरळ करता येत नाही, हे कळल्यावर तो कागद बाजूला ठेवला. कॉर्न शेल हाताळलाच नाही.

फिश मात्र मनापासून आवडला. कमांडचं नाव चुकीचं असेल तर एंटर दाबायच्या आधीच ते लाल दिसतं. पूर्वी लिहिलेली ओळ फिकट रंगात पुढे येते आणि उजवा बाण दाबला की पूर्ण होते. ज्याला टर्मिनलची भीती वाटते त्याला पहिले काही दिवस फिश द्यावा, भीती जाते. अडचण एवढीच की बाहेरची शिकवणी बहुतेक बॅशची असते, आणि बॅशचा 'फॉर... डू... डन' असा फेरा फिशमध्ये चालत नाही. तिथे 'डू' नाही आणि शेवट 'एंड'नं होतो. फिशवर रमलेला माणूस दुसऱ्याची स्क्रिप्ट उतरवून घेऊ शकत नाही. झेडशेल या दोघांच्या मध्ये बसतो. तो बॅशच्या जवळचा आहे, आणि तेच फसवं आहे. फिश लगेच 'नाही' म्हणतो. झेडशेल दहातल्या नऊ ओळी चालवतो आणि दहावीला वेगळं उत्तर देतो.

देवनागरीच्या बाबतीत यातला कुणीच पूर्ण समाधान देत नाही. 'सांगली' या शब्दात आपल्या लेखी तीन अक्षरं. बॅशला लांबी विचारली तर तो ६ म्हणतो, कारण काना, अनुस्वार, वेलांटी वेगवेगळे मोजतो. माझ्या मशीनवरचा डॅश १८ म्हणतो, कारण तो बाइट, म्हणजे साठवणीचे तुकडे, मोजतो आणि यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. अण्णांसाठी गिऱ्हाइकांची यादी छापायची होती, नाव एका रकान्यात आणि वर्ष दुसऱ्यात. बॅशची 'प्रिंटएफ' ही ठरल्या रुंदीत छापणारी कमांड रकान्याची रुंदी बाइटमध्ये धरते, त्यामुळे रोमन नावं सरळ आणि मराठी नावं वेडीवाकडी. शेवटी रकाने स्वल्पविरामानं वेगळे करून यादी लिबरऑफिसमध्ये उघडली. 'कऱ्हाड'नं तर थकवलं. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक स्वतंत्र 'ऱ' घेऊन आणि एक साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे. शेलला दोन्ही वेगळे. एका तऱ्हेनं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेच्या फायली येत नाहीत, कुठल्याच शेलमध्ये. मराठीत काम करणाऱ्यांनीच एकत्र बसून याची नीट नोंद करून ठेवायला हवी. इतर कुणाला हा प्रश्न दिसणारही नाही.

आता माझी व्यवस्था अशी बसली आहे. हातानं काही शोधायचं, बघायचं असेल तर फिश. स्क्रिप्ट लिहायची ती बॅशमध्येच, पहिल्या ओळीत तसं लिहून, आणि प्रत्येक डॉलरभोवती अवतरणचिन्हं देऊन. लिहून झाली की 'शेलचेक' या प्रोग्रॅमला दाखवायची. कुठे अवतरण राहिलं ते तो ओळ दाखवून सांगतो. त्याची एक गोष्ट मला फार पटली. स्क्रिप्टमध्ये शेलचं नाव नसेल तर तो सर्वांत आधी तेच विचारतो, तुमचा शेल मला माहीत नाही आणि माझा सल्ला त्यावर अवलंबून आहे म्हणून. एखाद्या शिक्षकानं विचारावा तसा हा प्रश्न, पुतण्या सोडला तर, मला एका यंत्रानंच विचारला.

ढीग बराचसा लागला आहे. राहिल्यात त्या रद्द झालेल्या जॉबच्या फायली. त्या यादीत वर दिसाव्यात म्हणून नावाच्या सुरुवातीला आडवी रेघ टाकायची आमच्याकडे जुनी पद्धत, आणि 'एमव्ही' ती रेघ बघून नावालाच पर्याय, म्हणजे स्वतःला दिलेली सूचना, समजतो. अवतरणचिन्हांचा इथे उपयोग नाही, कारण अडवतो तो शेल नव्हे, 'एमव्ही' स्वतः. नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ, म्हणजे 'याच फोल्डरमधली', असं लिहिलं की तो ऐकतो. बॅश, झेडशेल, फिश, तिन्हींत चालतं, बघून घेतलं आहे. नव्या मुलीला मी नावापुढे रेघ न टाकता नावाच्या शेवटी 'रद्द' लिहायला सांगितलं आहे.